बाहुलीचा वन्समोर

रेणुकानं दोन्ही तळवे स्पीकरच्या जाळीवर टेकवले, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे आपोआप गप्प झालो. मगदूम अण्णांनी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. गाणं सुरू झालं तशी रेणुकाची मान हलायला लागली, मग खांदे. मग तिनं एक हात जाळीवरून काढून कोपरात न वाकवता ताठ वर उचलला. ठेका थांबला की हात थांबत होता, ठेका धरला की पुढं सरकत होता. कडवं संपून बाहुलीनं मान वळवायची जागा आली आणि रेणुकानं मान वळवली. बरोबर तिथंच.

"हिला खरंच ऐकू येत नाही ना वो?" रफिक हळूच म्हणाला. तो आमचा ऑक्टोपॅड वाजवणारा, आणि आमच्यात नवा.

रेणुकाला खरंच ऐकू येत नव्हतं. सोळा वर्षांची होती. दीड वर्षाची असताना मेंदूज्वर झाला, त्यातून वाचली, पण कान गेले. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकून ती थोडं बोलायची. शब्द जड आणि बोथट यायचे, पण सवय झाली की कळायचे. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. माझ्या दाट मिशांमुळे माझं बोलणं तिला अर्धंमुर्धंच कळायचं, हे मला तिच्या आईनं एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मिशा काढून टाकल्या. गिरणीत लोक आठवडाभर विचारत होते की घरात कोण गेलं.

तिची आई सरोजिनीताई तिथंच कोपऱ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. लेकीकडं बघत होती आणि बोलत नव्हती. ती बोलत नाही याला तेव्हा दोन महिने होत आले होते.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. आमचा ऑर्केस्ट्रा मिरजेचा. मगदूम अण्णा मालक, कीबोर्डही तेच वाजवायचे. मी दिवसा सूतगिरणीत टाइमकीपर, आणि कार्यक्रम असला की निवेदक. माझा आवाज जाडाभरडा, गाण्याच्या कामाचा नव्हे. पण त्या वर्षी मलाही एक गाणं मिळालं. युरोपातल्या कुठल्यातरी लहान देशातल्या मंडळींनी केलेलं ते गाणं तेव्हा सगळीकडं वाजत होतं. पानाच्या टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या मांडवात. त्या प्रसिद्ध परदेशी बाहुलीवरचं गाणं. सोनेरी केसांची, लांब पायांची, श्रीमंतांच्या घरात काचेच्या कपाटात असायची ती. गाण्यात एक बाई अगदी बारीक, लहान पोरीच्या आवाजात गाते आणि मधूनमधून एक पुरुष तिला घोगऱ्या आवाजात हाक मारतो. तो घोगरा पुरुष म्हणजे मी. इंग्रजीचा अर्थ आम्हाला कुणालाच नीट लागत नव्हता. अण्णांनी कॉन्व्हेंटमधल्या भाच्याकडून शब्द मराठी अक्षरांत उतरवून घेतले होते, आणि आम्ही ते पाठ म्हणायचो.

बारीक आवाजातली बाई म्हणजे सरोजिनीताई. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, कपाळाला मोठं कुंकू. जुनी गाणी ती सुरेख म्हणायची, पण बाहुलीचं गाणं धरलं की ऐकणारा चाट पडायचा. त्या बाईच्या गळ्यातून तो आवाज येतोय हे पटायचंच नाही. म्हणून अण्णांनी युक्ती केली. सरोजिनीताई पडद्याआड विंगेत उभी राहून गायची आणि स्टेजवर एक देखणी पोरगी सोनेरी टोप घालून, ओठ हलवत नाचायची. ती युक्ती जत्रांतून आणि गणपतीच्या मांडवांतून गाजली. लोक शिट्ट्या मारायचे, नोटा फेकायचे, वन्समोर द्यायचे. सरोजिनीताई आडोशाला उभी राहून पाणी प्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

तो आवाज काही तिचा नव्हता. गळा आवळून, जीभ मागं ओढून काढायला लागायचा. गणपतीत रोज, कधी दिवसाला दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी वन्समोर. अनंत चतुर्दशीनंतर तिचा घसा बसला तो उठेचना. मी तिला माझ्या लुनावरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. संक्रांतीपर्यंत गाणं नाही, बोलणंही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. एवढं पाळलं तर कदाचित आपोआप विरतील. नाही पाळलं, मध्येच ताण दिला, तर त्या फाटतील, आणि मग मी काही करू शकणार नाही.

बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या गाड्यावर चहा घेतला. डॉक्टरांनी बोलू नका सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती. ती मला म्हणाली, "यशवंत, हे रेणूला सांगू नकोस. तिला वाटेल तिच्या औषधापायी, शाळेपायी मी घसा फाडला. अण्णांना काय सांगायचं ते सांग."

नवरा कोल्हापुरात दुसरं घर करून राहत होता. लेक बहिरी झाली तेव्हाच तो निघून गेला होता. घर तिच्या गळ्यावर चालत होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णा माणूस वाईट नव्हता. त्यांनी कोल्हापूरची एक मुलगी तात्पुरती गायला घेतली आणि सरोजिनीताईला घरबसल्या थोडंफार द्यायचं कबूल केलं. पण तिला घरी करमायचं नाही. ती रिहर्सलला येऊन बसायची. शाळा सुटली की रेणुकाही यायची. एक न बोलणारी, एक न ऐकणारी. कोपऱ्यात बसून दोघी एकमेकींच्या ओठांकडं बघत काय काय बोलत राहायच्या, हसायच्या. आम्ही एवढा कालवा करत असायचो, आणि त्यांच्याकडं बघितलं की वाटायचं, त्या दोघी निराळ्याच खोलीत आहेत.

नोव्हेंबरात एका साखर कारखान्याकडून बोलावणं आलं. बालदिनाचा कार्यक्रम, दुपारचा, कारखान्याच्या शाळेच्या मैदानात. त्यांची एकच अट होती, बाहुलीचं गाणं पाहिजे. नेमकी आमची नाचणारी पोरगी दिवाळीत लग्न होऊन बेळगावला गेली होती. अण्णा नाही म्हणून कळवायच्या बेतात होते. तेव्हा रेणुका उठून स्पीकरजवळ गेली.

पुढचे काही दिवस ती दुसरं काही करत नव्हती. नाच तिनं बघून बघून केव्हाच उचलला होता, आता ठेका पायात बसवत होती. रफिकनं डोकं चालवलं. बेसचा मोठा स्पीकर त्यानं उभा न ठेवता फळ्यांवर आडवा झोपवला. रेणुका अनवाणी उभी राहिली की ठेका तळव्यातून वर चढायचा. प्रश्न शब्दांचा होता. कुठं गाणं सुरू होतं, कुठं संपतं, ओठ कधी हलवायचे, हे ठेक्यावरून कळणार नव्हतं. मग ठरलं की आई उजव्या विंगेत उभी राहील आणि रेणुका नाचता नाचता तिच्या ओठांवर नजर ठेवील.

मी सरोजिनीताईला म्हणालो, तुम्ही नुसते ओठ हलवा. कोल्हापूरची मुलगी गाईल, नाहीतर सरळ कॅसेट लावू. अण्णांनाही ते पसंत होतं. तिनं मान हलवली. मला वाटलं होकार दिला. रिहर्सलला तसंच केलंही. ती नुसते ओठ हलवायची, आवाज कोल्हापूरच्या मुलीचा. सगळं छान जुळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गाडीत सामान भरताना ती माझ्या बाजूला आली. मफलर काढलेला होता. म्हणाली, "आज मी गाणाराय." इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला. जरा खरखरीत, पण तिचाच.

मी डॉक्टरांची आठवण दिली. रागावलोसुद्धा. म्हणालो, तिला ऐकू येत नाही ताई. तुम्ही गायला काय किंवा कॅसेट गायली काय, तिला काय फरक पडणार आहे?

हे बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ती चिडली नाही.

"दीड वर्षाची होईपर्यंत तिला ऐकू यायचं की," ती म्हणाली. "मी गायला लागले की पाळण्यात पाय झाडायची. माझं गाणं ऐकलेलं पोर हाय ते. तिला आठवत नाही, मला आठवतंय. ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार, आणि मी तिथं खोटं तोंड हलवू? एकदाच गाते. दोन महिने मौन पाळलंय, एका गाण्यानं काय होत नाही."

अण्णांना तिनं सांगितलं की डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मी ते खोटं पाडलं नाही. तिचा गळा होता, तिची लेक होती.

मैदानात पोरं आधीच येऊन बसली होती. पुढं सतरंज्यांवर लहान मुलं, मागं बायका, कामगार, खुर्च्यांवर संचालक मंडळी. कारखान्याचा गोडसर, आंबूस वास सगळीकडं भरलेला. उन्हं कलत होती. अध्यक्षांचं भाषण लांबलं, पोरं चुळबुळायला लागली. शेवटी मी माइक घेतला आणि बाहुलीच्या गाण्याची घोषणा केली. जो गलका उठला तो अजून कानात आहे.

पुठ्ठ्याचं मोठं खोकं स्टेजवर आणून ठेवलं. पुढच्या बाजूला पारदर्शक कागद, वर गुलाबी रिबन. आत रेणुका. सोनेरी टोप, गुलाबी झगा, पायांत काही नाही. ती जात्याच देखणी होती, पण त्या दिवशी ती बघवत नव्हती इतकी सुंदर दिसत होती. हात किंचित पुढं, बोटं जुळलेली, पापणी लवत नव्हती. लहान पोरं एकमेकांना विचारत होती, खरी आहे का खोटी. रफिकनं ठेका धरला. फळ्या थरथरल्या. रेणुकानं कागद फाडला आणि एक पाय बाहेर टाकला.

उजव्या विंगेतून सरोजिनीताईचा आवाज आला. बारीक, गोड, अगदी पूर्वीसारखा. डाव्या विंगेत उभा असलेला मी हायसं वाटून माझी ओळ म्हणालो. रेणुका वळत होती, थांबत होती, हात उचलत होती. ओठ इतके अचूक हलत होते की तिला ओळखणाऱ्या मलाही वाटलं, हीच गातेय. पहिलं कडवं संपलं. पोरांनी टाळ्या धरल्या.

दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला.

एका वरच्या जागेवर गेला आणि तिथून परत आलाच नाही. त्याच्या जागी एक भसाडा, खरवडल्यासारखा आवाज आला, एखाद्या म्हाताऱ्याला ढास लागावी तसा. समोर सोनेरी केसांची बाहुली गोड हसून ओठ हलवत होती, आणि तिच्या तोंडून तो आवाज येत होता. टाळ्या थांबल्या. मग पुढच्या सतरंजीवरचं एक पोर खिदळलं. त्याच्या शेजारचं खिदळलं. बघता बघता हसू मागं बायकांपर्यंत गेलं, मग खुर्च्यांपर्यंत. त्यांना वाटलं हे असंच बसवलंय. गंमत आहे. संचालक एकमेकांना टाळ्या देत होते.

अण्णांनी कीबोर्डवरून मला खूण केली, थांबवू का. रफिकनंही माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या विंगेत बघितलं. सरोजिनीताईनं एका हातानं गळा धरला होता. दुसरा हात वर करून ती आम्हाला सांगत होती, थांबू नका. आणि ती हसत होती. चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती तोंडभर हसत होती, कारण रेणुका तिच्याकडं बघत होती. ठेका चालू होता, ओठ चालू होते. रेणुकाच्या पायांखाली काहीच तुटलं नव्हतं.

तसंच ते गाणं शेवटपर्यंत गेलं. मी माझ्या ओळी म्हणत होतो. काय म्हणत होतो ते मला कळत नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा पोरं उभी राहून ओरडत होती. वन्समोर, वन्समोर. रेणुका मध्यभागी उभी. टाळ्या तिला दिसत होत्या. तिनं त्या गर्दीकडं बघितलं, मग विंगेकडं, आईकडं. आई हसत होती. रेणुका चार पावलं मागं सरकली, खोक्यात जाऊन उभी राहिली, आणि हात पुढं करून बोटं जुळवली.

मी पडद्यामागून धावत उजव्या विंगेत गेलो. तिच्यासमोरच्या स्टँडवरचा माइक काढून घेऊ लागलो. तिनं तो घट्ट धरला.

"बास ताई. कॅसेट लावतो."

"ती उभी राहिलीय," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे नुसती हवा आली. "बघ की. ती उभी राहिलीय." मग तिनं रफिककडं बघून मान हलवली, आणि रफिकनं ठेका धरला.

दुसऱ्या वेळी पहिल्या ओळीपासूनच आवाज नव्हता. होती ती घरघर, मध्येच एखादी चिरक, मध्येच काहीच नाही. लोक पोट धरून हसत होते. अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले. मी तिच्या शेजारीच उभा राहून माझ्या ओळी म्हटल्या. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि ओठ मात्र एक एक अक्षर नीट, स्वच्छ करत होते. रेणुका त्या ओठांकडं बघत नाचत होती. पहिल्यापेक्षाही नेटकं नाचली ती. प्रत्येक वळण तोलून, जपून.

अध्यक्षांच्या पत्नीनं तिला स्टीलचा डबा बक्षीस दिला आणि गालाला हात लावून कौतुक केलं. असा विनोदी नाच आम्ही कधी बघितला नव्हता, असं कुणीतरी माइकवर बोललं. नशीब, त्याची पाठ रेणुकाकडं होती.

परतताना गाडीत रेणुका आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. गालांवर चमकी तशीच होती. सरोजिनीताई खिडकीबाहेर बघत होती. अंकलीचा पूल आला तेव्हा तिनं माझ्याकडं वळून काहीतरी म्हटलं. ओठ हललेले दिसले. मी जवळ सरकून कान नेला, तरी काही ऐकू आलं नाही.

पुढं तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी रागवायचं तेवढं रागवून जमेल ते केलं. पण आवाज आला नाही. कुजबूज राहिली, तीही जवळ बसलं तरच कळायची. ऑर्केस्ट्रा आणखी दोन-अडीच वर्षं चालला. मग डीजे आले, अण्णांनी वाद्यं विकली आणि धान्याचं दुकान टाकलं. सरोजिनीताई घरी साड्यांना फॉल-पिको करायला लागली. मी सणासुदीला जाऊन यायचो. एकदा मी विचारलंच, रेणूला कळलं का?

तिनं मशीन थांबवलं. "आजारानं आवाज गेला एवढं म्हाईत हाय तिला. कधी गेला ते नाही. आणि घरात काय बदललं सांग? आमचं बोलणं व्हतं तसंच चाललंय. तिला माझे ओठ दिसतात. सगळ्या जगात एक तिलाच माझ्यात काय फरक वाटत नाही."

मी म्हणालो, त्या दिवशी वन्समोर घ्यायला नको होता.

"तिनं मागितला तो," ती म्हणाली. "पोरीनं जन्मात कधी काय मागितलं नव्हतं. कपडा नाही, खेळणं नाही. त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती परत जाऊन उभी राहिली. आई, आणखी एकदा. मी कशी नाही म्हणू?" आणि ती पुन्हा मशीन चालवायला लागली. तिच्या चेहऱ्यावर मला पश्चात्ताप दिसला नाही. उलट सगळं आयुष्य उणं गेलेल्या माणसाला एक जमेची गोष्ट सांगताना जे समाधान असतं, ते दिसलं.

मागच्या वर्षी सरोजिनीताई गेली. हृदयविकार, झोपेतच. मी निवृत्त होऊन इचलकरंजीला मुलाकडं राहायला गेलो होतो, मला कळायला उशीर झाला. बारावं झाल्यावर गेलो. रेणुका आता चाळीस ओलांडून गेलीय. नवरा तिच्यासारखाच, ऐकू न येणारा, छापखान्यात कामाला आहे. मुलाला मात्र ऐकू येतं. ती स्वतः बहिऱ्या मुलांच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते. शाळेत तिनं कधी नाच बसवला नाही, हे मला तिच्या नवऱ्यानं मोबाइलवर टाइप करून दाखवलं. इतरांनी बसवला तर ती त्या दिवशी रजा घेते.

आईच्या फोटोसमोर समई तेवत होती. मी नमस्कार करून बसलो. मग रेणुकानं स्वतःचा मोबाइल घेतला, बरंच काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी चष्मा लावून वाचलं.

तिनं लिहिलं होतं: काका, कारखान्यात मी नाचले त्या दिवशी मी कुठं चुकले?

मी तिच्याकडं बघितलं. तिनं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी थांबली नाही. लोक हसत होते ते मला दिसत होतं. पहिल्या वेळीच दिसलं. मला तोंडं वाचता येतात, हसणं ओळखू येत नाही असं सगळ्यांना का वाटतं? माझं काहीतरी चुकलं होतं. मी आईकडं बघितलं तर आई हसत होती. मला वाटलं ती सांगतेय, घाबरू नकोस, पुन्हा कर, आता नीट कर. मला नको होतं. मला पळून जायचं होतं. पण आई एवढी आशेनं उभी होती, म्हणून मी परत जाऊन उभी राहिले. दुसऱ्यांदा फार काळजीनं केलं. लोक आणखी हसले. त्यानंतर आई कधीच ऑर्केस्ट्रात गेली नाही. आजारी होती हे खरं, पण मला कळत होतं, माझ्यामुळं तिला खाली बघावं लागलं. मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तुम्ही तिथं होता. तुम्ही सांगा.

मी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. आतल्या खोलीत तिचा मुलगा अभ्यासाचं मोठ्यानं वाचत होता, आणि त्याच्याशिवाय त्या घरात ते मला एकट्यालाच ऐकू येत होतं.

खरं सांगणं अवघड नव्हतं. तू कुठंच चुकली नव्हतीस. आईचा आवाज फाटला होता, लोक त्याला हसत होते. पण मग ती पुढचं विचारणार होती. शिक्षिका आहे ती, दोन गोष्टी जोडायला तिला वेळ लागला नसता. आवाज पहिल्या वेळी फाटला होता ना, मग दुसऱ्यांदा आई का गायली? आणि याचं उत्तर, तू खोक्यात जाऊन उभी राहिलीस म्हणून, हे होतं. दोघींनाही तो वन्समोर नको होता. दोघींनी तो एकमेकींसाठी घेतला होता. हे जगात आता एकट्या मला माहीत होतं.

ती माझ्या ओठांकडं बघत होती. इतकी वर्षं झाली तरी नजर तीच, एकही अक्षर निसटू नये अशी.

मी तिच्याकडं तोंड करून, सावकाश, एक एक शब्द सुटा करून म्हणालो, "दुसऱ्या कडव्यात. उजवीकडं वळायचं होतं. तू डावीकडं वळलीस. दोन्ही वेळेला."

तिनं डोळे मिटले. बसल्या जागी तिचे हात किंचित उचलले गेले, बोटं जुळली, मान आधी एका बाजूला वळली, मग दुसऱ्या. ती कडवं शोधत होती. मग तिनं डोळे उघडले आणि एक लांब श्वास सोडला. चेहरा इतका सैल झाला की क्षणभर ती सोळा वर्षांचीच दिसली.

"मला वाटलंच होतं," रेणुका तिच्या जड आवाजात म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.